ओरहान पामुक वाचायला घेताय? मग या क्रमाने घ्या

तुर्की कादंबरीकार ओरहान पामुकचं नाव ऐकलं की लोक थेट 'माय नेम इज रेड' उचलतात. पहिल्या प्रकरणात विहिरीच्या तळाशी पडलेलं प्रेत बोलतं. दुसऱ्यात बारा वर्षांनी इस्तंबूलला परतलेला एक माणूस बोलतो, तिसऱ्यात कुत्रा, चौथ्यात खुनी. दोघातिघांना हे जबरदस्त आवडतं. बाकीच्यांचं पुस्तक बुकमार्कसकट कपाटात जातं आणि 'आपल्याला नाही झेपला हा नोबेलवाला' असं ठरून जातं.

दोष वाचकाचाही नाही आणि पुस्तकाचाही नाही, क्रम चुकतो इतकंच. पामुकच्या आठवणी आणि कादंबऱ्या एकमेकांत इतक्या मिसळल्या आहेत की आठवणी आधी वाचल्या तर कादंबऱ्यांतली निम्मी माणसं आणि घरं ओळखीची निघतात. म्हणून या लेखातला क्रम प्रकाशनाच्या वर्षांप्रमाणे लावलेला नाही. वाचताना कमीत कमी दमछाक व्हावी, असा तो लावला आहे.

पायरी १: वडिलांची बॅग

सुरुवात पुस्तकाने करूच नका. डिसेंबर २००६ मध्ये स्टॉकहोमला पामुकने नोबेलचं भाषण दिलं, त्याचं नाव 'माझ्या वडिलांची बॅग'. नोबेलच्या संकेतस्थळावर ते फुकट वाचता येतं आणि एका बैठकीत संपतं.

मृत्यूच्या दोन वर्षं आधी वडील मुलाच्या लिहिण्याच्या खोलीत येतात. हातात एक छोटी बॅग, तिच्यात त्यांच्या वह्या आणि हस्तलिखितं. मी गेल्यावर वाच म्हणतात, बॅग कोपऱ्यात ठेवतात आणि जरा अवघडल्यासारखे निघून जातात. मुलगा कित्येक दिवस ती उघडत नाही. वडिलांचं लेखन वाईट निघेल ही भीती असतेच. पण ते चांगलं निघालं तर काय, ही भीती तिच्याहून मोठी असते. कारण मग हसतमुख, मित्रांत रमणाऱ्या, तरुणपणी सगळं सोडून पॅरिसला जाऊन राहणाऱ्या त्या माणसाच्या आत एक वेगळाच माणूस होता, हे मान्य करावं लागेल.

याच भाषणात पामुक एक तुर्की म्हण सांगतो: सुईने विहीर खणणं. लेखकाचं काम तसं असतं, असं त्याचं म्हणणं. ही विहीर लक्षात ठेवा. 'द रेड-हेअर्ड वुमन' (२०१६) मध्ये ती खरीखुरी खणली जाते, एक उस्ताद आणि त्याच्या हाताखालचा एक पोरगा ती खणतात.

पायरी २: 'इस्तंबूल', घाई न करता

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. 'इस्तंबूल: मेमरीज अँड द सिटी' तुर्कीत २००३ साली आलं. हे आत्मचरित्र आहे, पण ते बाविसाव्या वर्षाच्या आसपास थांबतं. म्हणजे लेखक झाल्यानंतरचं काहीच नाही, होण्याआधीचं सगळं.

पामुकचा जन्म ७ जून १९५२ चा. आजोबांनी रेल्वेच्या बांधकामातून बक्कळ पैसा कमावला होता. ते लवकर गेले आणि वडील-काकांनी एकामागून एक फसलेल्या धंद्यांत तो घालवला. निशानताशी या उच्चभ्रू वस्तीत 'पामुक अपार्टमेंट' नावाची घरचीच इमारत, मजल्यामजल्यावर आजी, काका, आत्या. प्रत्येक दिवाणखान्यात काचेची कपाटं, कोणी न वापरणारी चिनी मातीची भांडी, कोणी न वाजवणारा पियानो. ते दिवाणखाने राहायला नसून बघायला ठेवल्यासारखे, वस्तुसंग्रहालयासारखे वाटत, असं तो लिहितो. पुढे हाच माणूस खरंखुरं वस्तुसंग्रहालय उभं करतो. आठवणी आधी वाचा म्हणतो ते यासाठीच.

पहिलंच प्रकरण दुसऱ्या ओरहानबद्दल आहे. आपल्यासारखाच दिसणारा आणखी एक ओरहान शहरातल्या दुसऱ्या कुठल्या तरी घरात राहतो, असं या मुलाला लहानपणी मनापासून वाटत असे. आईवडिलांची भांडणं वाढली की त्याला नातेवाइकांकडे ठेवलं जाई. तिथे भिंतीवरच्या एका मुलाच्या चित्राकडे बोट दाखवून मोठी माणसं गमतीने म्हणत, हा बघ तू. तो दुसरा ओरहान पुढच्या कादंबऱ्यांतून पुन्हा पुन्हा डोकावतो. 'रेड'मध्ये ओरहान नावाचा लहान मुलगा आहे. 'स्नो'ची गोष्ट सांगणारा कादंबरीकार ओरहानच आहे. 'म्युझियम ऑफ इनोसन्स'मध्ये नायक आपली कहाणी लिहायला ज्याच्याकडे सोपवतो तोही ओरहान. वाचताना तो दिसला की पेन्सिलीने खूण करत चला. हा खेळ वाटेल, पण या कादंबऱ्यांत शिरायची सगळ्यात सोपी वाट तीच आहे.

पुस्तकात 'हुझुन' हा शब्द सारखा येतो. एकट्यादुकट्याच्या उदासीला पामुक हुझुन म्हणत नाही. साम्राज्य गेलेलं, लाकडी हवेल्या जळून चाललेल्या, शहर गरीब झालेलं, आणि या सगळ्याची जाणीव लाखो माणसांना एकाच वेळी असलेली: ती सामायिक उदासी. हुझुनवरचं प्रकरण हळू वाचा. त्यात कित्येक पानं चालणारं एकच लांबलचक वाक्य आहे, संध्याकाळच्या, बोटींच्या, बंद पडलेल्या कारखान्यांच्या दृश्यांची नुसती रांग. एकदा तरी ते मोठ्याने वाचून बघा.

काही प्रकरणं मात्र बिनधास्त चाळा. फ्लोबेर, नेर्वाल, गोतिए हे फ्रेंच लेखक इस्तंबूलला आले, त्यांनी काय पाहिलं, मेलिंग या चित्रकाराची खोदचित्रं कशी होती, हे सगळं रंगतदार आहे. पण पहिल्या वाचनात ते अडवून धरतं. कोचू नावाच्या गृहस्थाचं प्रकरण तेवढं सोडू नका. या माणसाने इस्तंबूल शहराचा एकट्याच्या बळावर विश्वकोश लिहायला घेतला आणि वर्णमाला पूर्ण होण्याआधीच तो अडकला. पामुकला अशा अर्धवट राहिलेल्या वेडांचं प्रचंड आकर्षण आहे.

फोटोंवर नुसती नजर टाकून पान उलटू नका. कृष्णधवल इस्तंबूलचे कितीतरी फोटो आरा ग्युलर या छायाचित्रकाराचे आहेत, त्यात मध्येच पामुकांच्या घरातले फोटो येतात. सात ते बावीस या वयात पामुकला चित्रकार व्हायचं होतं. त्यासाठीच घरच्यांनी मधला मार्ग म्हणून वास्तुकलेच्या शिक्षणाला घातलं, ते त्याने तीन वर्षांनी सोडलं. पुढे पत्रकारितेची पदवी घेतली, पण पत्रकारिता केली नाही. चित्र सोडलं, तरी डोळा चित्रकाराचाच राहिला. त्याची वर्णनं लांबतात ती का, याचं उत्तर इथे आहे. वर्णनाआड गोष्ट शोधत बसलात तर कंटाळाल. गोष्टीला जरा थांबवून खोली बघितलीत तर हा लेखक तुम्हाला आवडेल.

पायरी ३: इतिहास, हाताशी लागेल तेवढाच

एका कागदावर हे लिहून पुस्तकात ठेवा. १४५३: ऑटोमन तुर्कांनी शहर जिंकलं. १९२३: साम्राज्य संपून प्रजासत्ताक आलं, राजधानी अंकारा. १९२५: फेज या जुन्या ऑटोमन टोपीवर बंदी. १९२८: अरबी लिपी जाऊन रोमन लिपी आली, त्यामुळे नातवाला आजोबांची कागदपत्रं वाचता येईनात. १९५५: सप्टेंबरमधल्या दंगलीत ग्रीकांची आणि इतर अल्पसंख्याकांची दुकानं, घरं लुटली गेली. १९६०, १९७१, १९८०: लष्कराचे हस्तक्षेप.

उच्चारांचं एवढंच: तुर्कीतला सी हा 'ज' असतो. जेव्देत, जेलाल, जिहांगीर असं वाचलं की नावं एकदम जवळची होतात.

पायरी ४: पहिली कादंबरी 'अ स्ट्रेन्जनेस इन माय माइंड'

इथे बरेच पामुकप्रेमी माझ्याशी भांडतील. २०१४ ची ही जाडजूड कादंबरी नवख्याला कशाला द्यायची? कारण ती त्याची सगळ्यात मोकळी, सगळ्यात माणसाळलेली कादंबरी आहे. 'इस्तंबूल'मध्ये तुम्ही श्रीमंत वस्तीच्या खिडकीतून शहर पाहिलंत, आता ते पायी फिरा.

मेव्लुत हा मध्य अनातोलियातल्या खेड्यातला मुलगा १९६९ मध्ये वडिलांच्या मागोमाग इस्तंबूलला येतो. दिवसा दही, रात्री बोझा विकतो. बोझा म्हणजे धान्य आंबवून केलेलं दाट, किंचित आंबट पेय, थंडीच्या रात्री गल्लोगल्ली ओरडत विकलं जाणारं. त्यात अंशमात्र मद्य असतं, ते आहे की नाही यावर गिऱ्हाइकांचे वाद चालतात आणि मेव्लुत शांतपणे 'नाही' म्हणत राहतो. एका लग्नात त्याला एका मुलीचे डोळे दिसतात. तीन वर्षं तो तिला पत्रं लिहितो, शेवटी पळवून आणतो, आणि अंधारातून उजेडात आल्यावर कळतं की ही तिची मोठी बहीण आहे. हे सुरुवातीलाच कळतं, त्यामुळे मी काही फोडलेलं नाही. आपण फसवले गेलो हे कळूनही तो त्या मुलीशी लग्न करतो आणि सुखी होतो. ही गोष्ट इतक्या साधेपणाने दुसऱ्या कुठल्या पामुकच्या कादंबरीत येत नाही.

कादंबरीच्या सुरुवातीला वंशवृक्ष आणि शेवटी कालक्रम दिलेला आहे, दोन्हीचा वापर करा. चुलतभाऊ, मेव्हणे, काका यांची गुंतागुंत भरपूर आहे, आणि ही मंडळी निवेदकाला मध्येच तोडून 'अहो, तसं नव्हतं ते' म्हणत स्वतःची बाजू मांडतात. 'रेड'मधल्या अनेक आवाजांची ही सोपी रंगीत तालीम समजा. जमिनीवर रातोरात झोपडं कसं उभं राहतं, मग कागद कसा मिळतो, मग तिथे बारा मजली इमारत कशी येते, वीजचोरी कशी पकडतात, हे सगळं जाता जाता कळतं. शहर कसं वाढतं याचं असं चित्रण मी फार कमी ठिकाणी वाचलं आहे.

पायरी ५: आता 'माय नेम इज रेड'

आता तयारी झाली. काळ १५९१ चा हिवाळा. हिजरी सनाचं हजारावं वर्ष जवळ आलेलं. सुलतानाने एक गुप्त ग्रंथ करायला सांगितला आहे आणि त्यातली चित्रं युरोपीय धाटणीची, खऱ्या माणसाच्या चेहऱ्याशी जुळणारी हवी आहेत. लघुचित्रकारांच्या परंपरेत मात्र घोडा काढायचा तो अल्लाच्या नजरेला दिसेल तसा, एका विशिष्ट माणसाच्या नजरेतून नव्हे. स्वतःची शैली असणं हा तिथे गुण नाही, दोष आहे. अशा ठिकाणी एका चित्रकाराचा खून होतो.

वाचताना तीन गोष्टी करा. एक, प्रकरणाच्या शीर्षकात बोलणाऱ्याचं नाव असतं, ते आधी वाचा. घाईत ते सुटलं की पुढची दोन पानं हवेत जातात. दोन, फुलपाखरू, करकोचा आणि ऑलिव्ह अशी टोपणनावं असलेल्या तीन चित्रकारांतला एक खुनी आहे. तो स्वतःच्या नावानेही बोलतो आणि 'खुनी' म्हणूनही. दोन्हीकडची बोलण्याची ढब ताडून बघा, कारण कथेतला तपासही याच तत्त्वावर चालतो: शैली लपवली तरी हात कुठे तरी सापडतोच. तीन, शेकुरे आणि तिची दोन मुलं शेव्केत आणि ओरहान यांच्यावर नजर ठेवा. ही पामुकच्या आईची, मोठ्या भावाची आणि त्याची स्वतःची नावं आहेत. 'इस्तंबूल'मध्ये दोन भावांची मारामारी वाचली असेल, तर इथे ती सोळाव्या शतकातले कपडे घालून परत येते. शेवटचं पान कोण बोलतं आणि ओरहानबद्दल काय म्हणतं, ते मी सांगणार नाही.

हेरात, तबरीझ ही लघुचित्रांची जुनी शहरं आणि बिहजाद हा उस्ताद चित्रकार, यांच्या दंतकथा मध्ये मध्ये येतात. तिथे वेग मंदावतो, हे खरं आहे. चित्रकार म्हातारपणी आंधळे होणं हा सन्मान का मानत, हे कळेपर्यंत मात्र थांबा.

एर्दाग ग्योकनार यांच्या इंग्रजी अनुवादाला २००३ चा डब्लिनचा इम्पॅक पुरस्कार मिळाला. त्या पुरस्काराच्या रकमेत अनुवादकाचाही वाटा असतो, आणि या पुस्तकात तो पुरेपूर कमावलेला आहे.

पायरी ६: 'स्नो' आणि तो खटला

'स्नो' (२००२) ही त्याची उघडउघड राजकीय कादंबरी. जर्मनीत राहणारा 'का' नावाचा कवी तुर्कस्तानच्या ईशान्येला कार्स या सीमेवरच्या गावात येतो. बर्फाने रस्ते बंद होतात आणि तेवढ्या दिवसांत नाटकाच्या रंगमंचावरून चक्क एक लष्करी उठाव होतो. डोक्यावरचा रुमाल काढायला नकार देणाऱ्या मुली, धर्मवादी तरुण, जुने डावे, कुर्द, गुप्तहेर, सगळ्यांना भरपूर बोलायला मिळतं. लेखक कोणाच्या बाजूने आहे हे शोधत बसू नका. शोधलंत की त्यातलं एखादं पात्र तुमच्यावरच उलटतं.

ही वाचण्याआधी एवढं ठाऊक असावं: फेब्रुवारी २००५ मध्ये एका स्विस नियतकालिकाच्या मुलाखतीत पामुक म्हणाला की या भूमीवर तीस हजार कुर्द आणि दहा लाख आर्मेनियन मारले गेले आणि याबद्दल बोलायला कोणी धजावत नाही. 'तुर्कत्वाचा अपमान' केल्याबद्दल दंडसंहितेच्या कलम ३०१ खाली त्याच्यावर खटला भरला गेला. डिसेंबर २००५ मध्ये सुनावणी उभी राहिली, जानेवारी २००६ मध्ये खटला निकालात निघाला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये नोबेल जाहीर झालं. हा मान मिळवणारा तो पहिला तुर्की लेखक, तरी त्याच्या देशातल्या अनेकांना तो राजकीय पुरस्कार वाटला. 'इस्तंबूल' आणि 'रेड' वाचून झालेल्या वाचकाला हा वाद मुद्द्याचा वाटणार नाही, असा माझा अंदाज आहे.

पायरी ७: कादंबरी, जिच्यात तिकीट आहे

'द म्युझियम ऑफ इनोसन्स' (२००८). १९७५ साल, श्रीमंत घरातला कमाल, त्याची ठरलेली सोयरीक आणि दूरच्या नात्यातली फुसुन. कमाल फुसुनच्या हाताला लागलेली प्रत्येक वस्तू गोळा करतो: मिठाचं भांडं, केसांच्या पिना, सिगारेटची थोटकं. मधल्या भागात तो वर्षानुवर्षं तिच्या घरी रात्रीच्या जेवणाला जातो, आणि ती वर्षं आपल्यालाही जाणवतात. कमाल मला आवडत नाही. तो आवडावा अशी पामुकची अपेक्षा असेल असंही वाटत नाही. फुसुनला काय हवं होतं हा प्रश्न मनात ठेवून वाचलंत, तर कमालच्या सांगण्यातल्या फटी दिसू लागतात.

पामुकने कादंबरी लिहिता लिहिताच तिच्यासाठी वस्तू जमवल्या, चुकुरजुमा भागात एक जुनं घर घेतलं आणि एप्रिल २०१२ मध्ये तिथे खरं संग्रहालय उघडलं. कादंबरीची ८३ प्रकरणं, म्हणून आत ८३ पेट्यांची योजना. प्रवेशाजवळच्या भिंतीवर ४२१३ थोटकं टाचणीने टोचून लावलेली, प्रत्येकीखाली नोंद. २०१४ मध्ये त्याला युरोपातलं वर्षातलं सर्वोत्तम संग्रहालय म्हणून पुरस्कार मिळाला. कादंबरीच्या शेवटाकडे एक तिकीट छापलेलं आहे. पुस्तक घेऊन गेलात तर त्यावर शिक्का मारून फुकट आत सोडतात, तेव्हा इस्तंबूलला जायचा योग आलाच तर ई-बुकवर भागवू नका.

उरलेली पुस्तकं

'द व्हाइट कॅसल' (१९८५) बारीक आहे, प्रवासात संपेल. सतराव्या शतकात पकडलेला व्हेनिसचा माणूस आणि हुबेहूब त्याच्यासारखा दिसणारा तुर्की मालक, म्हणजे पुन्हा तो दुसरा ओरहानच. तिची प्रस्तावना फारुक नावाचा इतिहासकार लिहितो, तो आधीच्या 'सायलेंट हाउस' (१९८३) मधलं पात्र आहे. 'नाइट्स ऑफ प्लेग' (२०२१) मधलं मिंगेरिया बेट नकाशावर शोधू नका, ते नाही. १९०१ च्या साथीची ही गोष्ट मला पसरट वाटली. 'द न्यू लाइफ' सर्वांत शेवटी. 'मेमरीज ऑफ डिस्टंट माउंटन्स' मध्ये त्याच्या चित्रांनी भरलेल्या रोजच्या वह्यांची पानं आहेत, ती क्रमाने वाचायची नाहीत, कुठलंही पान उघडायचं.

आणि 'द ब्लॅक बुक' (१९९०). तुर्की वाचकांत या कादंबरीचा मोठा दबदबा आहे आणि तीच सर्वांत अवघड आहे. वकील गालिपची बायको रुया नाहीशी होते, तिचा सावत्र भाऊ जेलाल हा प्रसिद्ध सदरलेखकही बेपत्ता. एक प्रकरण गालिपच्या शोधाचं, पुढचं जेलालच्या सदरातला लेख. गालिपने दमवलं तर काही दिवस नुसते लेखच वाचा. बॉस्फरसची सामुद्रधुनी आटल्यावर तळाशी काय काय सापडेल, हा पहिलाच लेख एकटा वाचला तरी पुरा वाटतो. इंग्रजीत दोन अनुवाद आहेत: गुनेली ग्युन यांचा १९९४ चा आणि मॉरीन फ्रीली यांचा २००६ चा. दुसरा घ्या. फ्रीली इस्तंबूलमध्येच वाढल्या. तुर्की वाक्याचं क्रियापद शेवटी येतं, त्याचं इंग्रजीत काय करायचं याबद्दल त्यांनी पुस्तकाच्या शेवटी एक टिपण लिहिलं आहे. ज्याच्या भाषेतही क्रियापद शेवटीच येतं अशा वाचकाने ते आधी वाचावं.